प्रा. मधू दंडवते : वीस वर्षांच्या खासदारकीचा अभ्यास

पाठाचा हेतू

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात भारतीय संविधान हा विषय सक्तीचा असतो. बहुतेक विद्यार्थी तो कलमांचे क्रमांक पाठ करून सोडवतात. लोकसभेत किती सदस्य, राज्यसभेची मुदत किती, अर्थविधेयक कुठे मांडतात, हे सांगता येते. पण "एक खासदार, तोही विरोधी पक्षातला, प्रत्यक्षात काय करू शकतो?" असा प्रश्न आला की वर्ग शांत होतो. पुस्तकात सभागृहाची रचना दिलेली असते, त्यात माणूस कसा काम करतो ते क्वचितच दिलेले असते.

म्हणून या पाठात आपण एकच कारकीर्द सविस्तर पाहू. प्रा. मधू दंडवते १९७१ ते १९९१ अशी सलग वीस वर्षे कोकणातील राजापूर मतदारसंघाचे लोकसभा सदस्य होते. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, दोनदा केंद्रीय मंत्री झाले आणि आणीबाणीत आपल्या याच बंगळुरू शहरात तुरुंगात होते. पाठ संपल्यावर आपल्याला पुढील तीन गोष्टी सांगता याव्यात :

१. विरोधी खासदाराच्या हाती कोणती संसदीय साधने असतात.
२. खासदाराचे विशेषाधिकार कुठे संपतात.
३. एखादे मोठे सार्वजनिक काम मागणीपासून उभारणीपर्यंत कसे जाते आणि त्यात खासदाराचा वाटा कसा मोजावा.

ओळख

दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. मुंबईत भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवू लागले. १९४२ च्या चळवळीत ते होते, १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहातही होते. समाजवादी चळवळ हे त्यांचे राजकीय घर. प्रजा समाजवादी पक्ष, पुढे जनता पक्ष आणि नंतर जनता दल असा त्यांचा प्रवास झाला. पक्षांची नावे बदलली तरी राजकारणाचा प्रवाह तोच राहिला.

लोकसभेवर ते पाच वेळा निवडून आले : १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९. मार्च १९७७ ते जुलै १९७९ ते रेल्वेमंत्री होते. डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० अर्थमंत्री. पुढे १९९६ ते १९९८ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता एक सोपे गणित करू. वीस वर्षे म्हणजे २४० महिने. रेल्वे मंत्रालयात सुमारे २८ महिने आणि अर्थ मंत्रालयात सुमारे ११, एकूण ३९ महिने. म्हणजे कारकिर्दीचा साधारण एक षष्ठांश भाग. उरलेला जवळजवळ सगळा काळ ते मंत्रिमंडळाबाहेर होते आणि त्यातील सुमारे अठरा महिने तुरुंगात. कोणत्याही खासदाराची माहिती शोधली की आधी मंत्रिपदांची यादी समोर येते. या यादीवरून दंडवते यांची कारकीर्द मोजली, तर सहापैकी पाच भाग हिशेबाबाहेरच राहतात.

मतदारसंघाचा वारसा

राजापूर मतदारसंघात रत्नागिरीचा दक्षिण भाग आणि आजचा सिंधुदुर्ग जिल्हा येत असे. दंडवते यांच्या आधी, १९५७ पासून १९७१ पर्यंत, बॅरिस्टर नाथ पै तेथून निवडून येत होते. उत्तम वक्ते म्हणून ते प्रसिद्ध आहेतच. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्यांचे खासगी विधेयक. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात संसदेला मूलभूत हक्कांवर मर्यादा आणणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही असे म्हटले. त्यावर संसदेचा दुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक नाथ पै यांनी खासगी सदस्य म्हणून मांडले. ते मंजूर झाले नाही. मात्र १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने सरकारने जवळपास तेच केले.

खासगी विधेयकाचे मोल इथे लक्षात घ्यावे. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाला खासगी विधेयक म्हणतात आणि सामान्यतः शुक्रवारी दुपारी ती चर्चेला येतात. आजवर अशी फक्त १४ विधेयके कायद्यात उतरली, त्यांतले शेवटचे १९७० मध्ये. तरीही ती मांडली जातात, कारण त्यांतून विषय सभागृहाच्या नोंदीत येतो आणि सरकारला आपली भूमिका सांगावी लागते.

जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै यांचे बेळगावात निधन झाले. त्याच वर्षी मध्यावधी निवडणूक झाली. महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. राजापूर मात्र समाजवाद्यांकडेच राहिले आणि दंडवते लोकसभेत पोहोचले.

विरोधी बाकावरची साधने

विरोधी खासदाराकडे खाते नसते, निधीचा अधिकार नसतो, अधिकारी नसतात. त्याच्याकडे असतात ती सभागृहाच्या नियमांनी दिलेली साधने. त्यांतली मुख्य पाहू.

*प्रश्नोत्तराचा तास.* तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. खरी कसोटी पुरवणी प्रश्नाची, कारण त्याचे उत्तर मंत्र्याला जागेवर उभे राहून द्यावे लागते.

एक काल्पनिक नमुना घ्या. "अमुक लोहमार्गाचे काम कधी होणार?" असा प्रश्न विचारला तर "शक्य तितक्या लवकर" असे उत्तर मिळेल. त्याऐवजी "या मार्गासाठी गेल्या तीन वर्षांत किती तरतूद झाली, त्यातील किती खर्च झाली आणि किती किलोमीटर भूसंपादन पूर्ण झाले?" असे विचारले, तर उत्तरात आकडे द्यावेच लागतात. पुढच्या अधिवेशनात तेच आकडे पुन्हा विचारता येतात. प्रयोगशाळेत मोजता येणारी राशी निवडतो, तसेच हे आहे.

*शून्य प्रहर.* प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचा विषय मांडण्याची ही प्रथा आहे. नियमपुस्तिकेत हा शब्द नाही. भारतीय संसदेच्या सरावातून तो रुजला.

*कपात प्रस्ताव.* मंत्रालयांच्या अनुदान मागण्या सभागृहापुढे येतात तेव्हा सदस्य कपात सुचवू शकतो. धोरणालाच विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणावी असा प्रस्ताव असतो. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचवतात. रक्कम नाममात्र असते, पण त्या निमित्ताने खात्याच्या कारभारावर बोलता येते. रेल्वेचा अर्थसंकल्प २०१६ पर्यंत स्वतंत्र मांडला जात असल्याने रेल्वेवर बोलण्याची खास संधी सदस्यांना दरवर्षी मिळे.

*समित्या.* सभागृहात भाषणे होतात. तपशिलाचे काम समित्यांत होते. तिथे सर्व पक्षांचे सदस्य एका टेबलाभोवती बसून विधेयकाचे कलमवार वाचन करतात. अशाच एका समितीच्या कामासाठी दंडवते बंगळुरूला आले होते.

बंगळुरू, २६ जून १९७५

१९६७ नंतर आमदार-खासदारांच्या पक्षांतराने अनेक राज्यांत सरकारे कोसळू लागली. यावर उपाय सुचवण्यासाठी यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे १९७३ मध्ये पक्षांतराविरुद्ध घटनादुरुस्ती विधेयक आले आणि ते संसदेच्या संयुक्त समितीकडे सोपवले गेले. या समितीची बैठक जून १९७५ च्या अखेरीस बंगळुरूत ठरली होती. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधू दंडवते हे त्या निमित्ताने शहरात होते.

२५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. २६ जूनला या चौघांना बंगळुरूत अटक झाली आणि शेषाद्री रस्त्यावरील मध्यवर्ती कारागृहात नेण्यात आले. ज्या जागेला आज आपण फ्रीडम पार्क म्हणतो आणि जिथे शहरातील बहुतेक निदर्शने होतात, तोच हा तुरुंग. संसदेच्या कामासाठी आलेले सदस्य त्याच कामाच्या गावी स्थानबद्ध झाले.

इथे विद्यार्थी हमखास विचारतात : खासदाराला विशेषाधिकार असतात ना, मग अटक कशी झाली? उत्तर असे आहे. संविधानाच्या कलम १०५ ने सभागृहातील भाषण आणि मतदानाला पूर्ण संरक्षण दिले आहे. अधिवेशनाच्या काळात आणि त्याच्या आगेमागे काही दिवस दिवाणी प्रकरणात अटक करता येत नाही. पण फौजदारी अटक किंवा प्रतिबंधात्मक स्थानबद्धता यांपासून खासदाराला वेगळे संरक्षण नाही. अशी अटक झाली तर ती अध्यक्षांना कळवावी लागते, इतकेच. म्हणजे सभागृहात निर्भयपणे बोलण्याचा हक्क शाबूत असतो. सभागृहापर्यंत पोहोचण्याचा मार्गच बंद होतो. आणि बाहेर त्याचे स्वातंत्र्य सामान्य नागरिकाच्या स्वातंत्र्याइतकेच सुरक्षित किंवा असुरक्षित असते.

या चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. सरकारचे म्हणणे होते की कलम ३५९ खालील राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ ची दाद मागण्याचा हक्कच स्थगित झाला आहे, म्हणून असे अर्ज ऐकताच येणार नाहीत. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी हे म्हणणे अमान्य केले. त्यांत कर्नाटकचे न्यायालयही होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्याच्या निकालात चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारची बाजू उचलून धरली गेली. भिन्न मत एकट्या न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचे होते.

दंडवते सुमारे अठरा महिने तुरुंगात राहिले. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते याही त्या काळात पुण्याच्या येरवडा तुरुंगात होत्या. पती बंगळुरूत, पत्नी पुण्यात, आणि मध्ये फक्त पत्रे. प्रमिलाताई पुढे १९८० मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि त्या सभागृहात दोघेही एकाच वेळी सदस्य होते.

या प्रकरणाचे पुढचे तीन टप्पे लक्षात ठेवा. पहिला, १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती : ज्या सरकारात दंडवते मंत्री होते त्याच सरकारने ती आणली आणि आणीबाणीतही कलम २० व २१ स्थगित करता येणार नाहीत असे ठरले. दुसरा, १९८५ ची बावन्नावी घटनादुरुस्ती : समितीपुढचे जुने विधेयक १९७७ मध्ये लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले होते, पक्षांतरबंदीचा कायदा अखेर दहाव्या अनुसूचीच्या रूपात आला. तिसरा, २४ ऑगस्ट २०१७ : खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूर निकाल चुकीचा ठरवला. तो खटला दाखल करणारे न्यायमूर्ती पुट्टस्वामी बंगळुरूचेच, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश.

रेल्वेमंत्री : २८ महिने

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. मे १९७४ च्या रेल्वे संपात भाग घेतल्याबद्दल अनेक कर्मचाऱ्यांना कामावरून काढले गेले होते. त्यांना परत सेवेत घेणे हा या काळातील महत्त्वाचा निर्णय.

दुसरा निर्णय आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवला आहे. १९७४ मध्ये रेल्वेचा तिसरा वर्ग रद्द होऊन तो दुसऱ्या वर्गात विलीन झाला होता. डब्यावरचा आकडा बदलला, पण झोपायच्या फळ्या लाकडीच राहिल्या. मुंबईहून कोलकात्याला जाणारा प्रवासी दोन रात्री लाकडावर काढत असे. दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात फोमच्या गाद्या बसवायला सुरुवात केली. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्या वर्गाला वर उचलायचे, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस याच विचारातून आली. त्या जलद गाडीला वरचा वर्गच नव्हता.

अभियंत्याच्या नजरेने हा निर्णय पाहा. एका फळीवर दोन इंच फोम हा तांत्रिकदृष्ट्या किरकोळ बदल. पण तो लाखो प्रवाशांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूत होता आणि एकदा डब्याच्या रचनेत शिरल्यावर मागे घेणे कोणालाही शक्य नव्हते. १९७९ मध्ये सरकार गेले, मंत्री बदलले, गादी राहिली. धोरण टिकवायचे असेल तर ते मानकात उतरवावे, हा यातला धडा.

कोकण रेल्वे : मागणी ते महामंडळ

कोकणात रेल्वे हवी ही मागणी दंडवते यांच्या आधीची. अ. ब. वालावलकर यांनी आयुष्यभर तिचा पाठपुरावा केला, नाथ पै यांनी ती संसदेत नेली. घाटाच्या पायथ्याशी नद्या, खाड्या, डोंगर आणि मुसळधार पाऊस. वर उद्योग थोडे. त्यामुळे खर्च प्रचंड आणि परतावा कमी, असे गणित पुन्हा पुन्हा मांडले जाई. कोकणी माणूस मुंबईला बोटीने, नंतर एसटीने जात राहिला.

रेल्वेमंत्री असताना दंडवते यांना काय करता आले? दिवा-पनवेलहून आपट्यापर्यंत आलेला मार्ग रोह्यापर्यंत वाढवण्याचे काम मार्गी लागले. रोहे रायगड जिल्ह्यात आहे, राजापूर मतदारसंघाच्या बरेच उत्तरेला. गाडी रोह्याला पोहोचली १९८६ मध्ये. म्हणजे रेल्वे खाते हाती असूनही त्यांच्या स्वतःच्या मतदारांच्या दारात रूळ आले नाहीत. १९८० आणि १९८४ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. १९८४ ची निवडणूक तर इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची. महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या आणि देशभरात जनता पक्षाचे अवघे दहा खासदार निवडून आले. त्या दहांत दंडवते होते.

१९८९ च्या अखेरीस विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले. दंडवते अर्थमंत्री आणि मंगळुरूत जन्मलेले जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. किनाऱ्याचा प्रश्न जाणणारी दोन माणसे नेमक्या दोन खुर्च्यांवर होती. तरीही रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून एवढा मार्ग बांधायला कित्येक दशके लागली असती. म्हणून वेगळी आर्थिक रचना झाली. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला मोठा भाग करमुक्त रोख्यांतून लोकांकडून उभारायचा. ई. श्रीधरन महामंडळाचे प्रमुख झाले.

रोहे ते मंगळुरू सुमारे ७६० किलोमीटरचा हा मार्ग. त्यावर नव्वदहून अधिक बोगदे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तर पानवल नदीवरचा पूल सुमारे ६४ मीटर उंच. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू झाली. रोख्यांच्या व्याजाचा बोजा महामंडळाला पुढे बराच काळ वाहावा लागला, हेही नोंदवले पाहिजे. वेग विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत नंतर चुकवावी लागते.

पराभव आणि हिशेब

१९९१ च्या निवडणुकीत दंडवते राजापुरात पराभूत झाले. त्यांनी वीस वर्षे लावून धरलेल्या मार्गाचे काम तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. गाडी कणकवली, कुडाळ, सावंतवाडीला आली तेव्हा ते तिथले खासदार नव्हते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, निवडणुकीचे चक्र पाच वर्षांचे असते आणि पायाभूत कामाचे पंधरा ते तीस वर्षांचे. ज्याने बी पेरले त्यालाच मतांचे पीक मिळेल असे नाही. दुसरा, अशा कामाचे श्रेय एका नावावर लिहिणे चूक. वालावलकरांचा आग्रह, नाथ पैंची भाषणे, दंडवते यांचा पाठपुरावा आणि निधीची रचना, फर्नांडिस यांचा निर्णय, श्रीधरन यांची उभारणी, आणि बोगदे खोदताना जीव गमावलेले कामगार, अशी ही साखळी आहे. खासदाराचे काम बहुधा या साखळीतल्या मधल्या कड्यांचे असते : विषय विसरला जाऊ न देणे, आकडे मागत राहणे आणि संधी आली की ती ओळखणे.

सारांश

- मंत्रिपदाचे महिने मोजून खासदाराची कारकीर्द कळत नाही. सभागृहाच्या साधनांचा सातत्याने वापर हा तिचा मोठा भाग असतो.
- संसदीय विशेषाधिकार भाषणाला संरक्षण देतात, स्थानबद्धतेपासून वाचवत नाहीत. खासदाराचे स्वातंत्र्य शेवटी नागरिकाच्या स्वातंत्र्यावरच उभे असते.
- लहान सुधारणा मानकात उतरली तर सरकार बदलल्यावरही टिकते.
- मोठ्या कामासाठी मागणीइतकीच आर्थिक रचना महत्त्वाची असते.

सरावासाठी प्रश्न

१. तारांकित आणि अतारांकित प्रश्नांतील फरक सांगून, आपल्या भागातील एका प्रलंबित कामाविषयी दोन्ही प्रकारचा एकेक प्रश्न तयार करा. उत्तरात आकडा द्यावाच लागेल अशी शब्दरचना करा.
२. जबलपूर खटल्यातील सरकारची भूमिका आणि चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने केलेला बदल यांचा संबंध स्पष्ट करा.
३. बंगळुरू उत्तरमधून अनेक वेळा निवडून आलेले सी. के. जाफर शरीफ १९९१ ते १९९५ रेल्वेमंत्री होते आणि मीटरगेज मार्गांचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्याची मोठी मोहीम त्यांच्या काळात सुरू झाली. त्यांच्या आणि दंडवते यांच्या कारकिर्दीची तुलना करा. मंत्री म्हणून केलेले काम आणि खासदार म्हणून केलेले काम वेगळे लिहा.
४. फ्रीडम पार्कला भेट देऊन तेथे जतन केलेल्या जुन्या कारागृहाच्या भागांची नोंद करा. स्थानबद्धता, कलम २१ आणि कलम ३५९ यांवर एक पानाचे टिपण लिहा.